बाटलीतला मासा बोलत नाही

आमच्या छावणीपासून अरबी समुद्र रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जवळचे मोठे पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर आणि अगदी उंबऱ्यापाशी म्हणावे असे पाणी म्हणजे खाम नदी. एका हाताला जुने औरंगाबाद आणि दुसऱ्या हाताला छावणी ठेवून ती वाहते. मासे पाहायचे तर पाणचक्कीचा हौद आहे, विकत घ्यायचे तर बाजार आहे. अशा कोरड्या जागी बसून समुद्राच्या चिखलात दडून राहणाऱ्या एका माशाच्या वर्गीकरणाचा इतिहास लिहिणे कुणाला विचित्र वाटेल. पण भारतातल्या माशांच्या शास्त्रीय नावांची वंशावळ मागे मागे नेऊ लागलो, की ती बंदरावर थांबत नाही; ती वारंवार कुठल्या तरी छावणीत येऊन पोचते. लष्करी डॉक्टर, पलटणीतले अधिकारी, त्यांच्या हाताखालचे चित्रकार आणि त्यांना मासे आणून देणारे भोई-कोळी, अशा माणसांच्या हातून ही नावे घडली. म्हणून छावणीतून हा विषय पाहणे मला मुळीच आडवळणाचे वाटत नाही.

ज्या माशाबद्दल मी लिहितो आहे त्याला इंग्रजीत टोडफिश म्हणतात. या लेखात मी त्याला भेकमासा म्हणेन. एक खुलासा आधीच केलेला बरा. जुन्या इंग्रजी लिखाणात टोडफिश हा शब्द पोट फुगवणाऱ्या, कोकणात केंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषारी माशालाही लावलेला आढळतो. तो मासा वेगळा, त्याचे कुळ वेगळे. आपला भेकमासा बॅट्राकॉयडिडी या कुळातला. ‘बॅट्राकोस’ म्हणजे ग्रीक भाषेत बेडूक.

हा मासा देखणा नाही, हे त्याच्या नावावरूनच कळते. डोके रुंद आणि चपटे, तोंड कानापर्यंत फाटल्यासारखे, डोळे वरच्या बाजूला, जबड्याभोवती कातडीच्या झालरी, अंगावर बुळबुळीत चिकटा आणि रंग चिखलाचा किंवा दगडाचा. बऱ्याच जातींच्या अंगावर खवलेच नसतात. पोटाखालचे पर गळ्यापाशी सरकलेले असतात. बहुतेक माशांना कल्ल्यांच्या चार जोड्या असतात, याला तीनच. पाठीवरच्या पहिल्या पराला दोन किंवा तीन आखूड काटे असतात. दक्षिण अमेरिकेतल्या काही जातींमध्ये हे काटे आतून पोकळ असून त्यांतून विष टोचले जाते. ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना त्याचा त्रास चांगलाच ठाऊक आहे. जगभरात या कुळाच्या सुमारे ऐंशी जाती आहेत. बहुतेक उथळ समुद्रात आणि खाड्यांत राहतात, थोड्या ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यात शिरल्या आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडणारी एक जात आज ‘कोलेटिइक्थिस ड्युसुमिएरी’ या नावाने ओळखली जाते. दुसरी, बंगालच्या उपसागराच्या खाड्यांपासून पूर्वेकडे पसरलेली जात म्हणजे ‘ॲलनबॅट्राकस ग्रनिएन्स’. हा मासा जाळ्यात आला तरी त्याला मोल मिळत नाही. टाकाऊ मालात त्याची गणती होते.

पण जाळ्यातून काढताना हा मासा घुरघुरतो, आणि माझ्या लेखाचा खरा धागा हा आवाजच आहे.

*

स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५८ साली ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. प्राण्यांना दोन शब्दी नाव देण्याची आजची पद्धत तिथून मोजली जाते. त्या ग्रंथात हा मासा आहे, ‘कॉटस ग्रनिएन्स’ या नावाने. ग्रनिएन्स म्हणजे लॅटिनमध्ये डुकरासारखा घुरघुरणारा. कॉटस ही स्कल्पिन नावाच्या, थंड पाण्यातल्या मोठ्या डोक्याच्या काटेरी माशांची प्रजाती. डोके मोठे आणि काटे आहेत, म्हणून भेकमाशाला त्या घरात जागा मिळाली.

आठ वर्षांनी, १७६६ मध्ये, लिनिअससमोर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा भेकमासा आला. त्याचे नाव त्याने ‘गॅडस टाऊ’ असे ठेवले. गॅडस म्हणजे कॉड. म्हणजे वर्गीकरणाच्या जनकाने एकाच कुळातल्या दोन भावंडांना दोन अगदी परक्या घरांत दत्तक दिले, एकाला स्कल्पिनच्या आणि दुसऱ्याला कॉडच्या. यात लिनिअसची थट्टा करण्याचा हेतू नाही. त्याच्यासमोर जे होते त्यावरून त्याने निर्णय दिला. पण ‘हा मासा नेमका कुणाचा?’ हा प्रश्न तिथे जन्माला आला, आणि पुढची अडीचशे वर्षे तो सुटला नाही.

१८०० मध्ये फ्रान्सच्या लासेपेदने या माशांसाठी ‘बॅट्राकॉयडिस’, म्हणजे बेडकासारखा, ही स्वतंत्र प्रजाती केली. पुढच्याच वर्षी ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात ‘बॅट्राकस’ हे नाव आले. घर स्वतंत्र झाले, पण शेजार ठरायचा होता. तो पॅरिसमध्ये ठरला. कुव्हिए आणि व्हालँसिएन यांनी माशांचा प्रचंड बहुखंडी इतिहास लिहायला घेतला होता. कुव्हिए १८३२ मध्ये वारला, काम व्हालँसिएनने पुढे नेले. १८३७ साली आलेल्या बाराव्या खंडात भेकमाशांना गळवाल्या माशांच्या सोबत बसवले आहे. गळवाला मासा म्हणजे डोक्यावरच्या काट्याचा गळासारखा उपयोग करून भक्ष्य ओढणारा. दोघांचेही छातीचे पर मनगट असल्यासारखे देठावर उभे असतात, दोघांचीही डोकी रुंद आणि तोंडे अक्राळविक्राळ. शेजार पटण्यासारखा होता.

याच खंडात आपल्या किनाऱ्यावरच्या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. नमुना मलबार किनाऱ्यावरचा होता. तो नेणारा झाँ-जाक ड्युसुमिए हा बोर्दोचा व्यापारी आणि जहाजमालक होता. हिंदी महासागरातल्या त्याच्या सफरींमध्ये मालाबरोबर मासे, पक्षी, सरडे यांचे नमुनेही पॅरिसच्या संग्रहालयाकडे जात. व्हालँसिएनने कृतज्ञतेने या माशाला ‘बॅट्राकस ड्युसुमिएरी’ असे नाव दिले. ज्याने तो मासा पाण्यातून काढला त्या माणसाचे नाव त्या पानावर यायचे कारणच नव्हते. मासा पॅरिसला पोचला तो मद्यार्काच्या बाटलीत, रंग उडालेला, ताठरलेला आणि मुका.

*

आता छावणीकडे वळतो.

छावणी हा शब्द आपण सहज वापरतो, पण छावणी हे स्वतःच एक वर्गीकरण असते. कवायतीचे मैदान, साहेबांचे बंगले, शिपायांच्या बराकी, घोड्यांचे तबेले, इस्पितळ, सदर बाजार आणि त्यापलीकडे सेवा पुरवणाऱ्यांची वस्ती. कोण कुठे राहील, कोण कुठल्या रस्त्याने येईल हे नकाशात ठरलेले. औरंगाबादची छावणी निजामाच्या राज्यातली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथे असे. १८५७ च्या जूनमध्ये इथल्या घोडदळात बंडाची ठिणगी पडली आणि ती निर्दयपणे विझवली गेली. शहरातला काळा चबुतरा त्याची आठवण ठेवून आहे. छावणी म्हटली की आपल्याला आठवतो तो हा इतिहास, आणि तो तसाच आठवायला हवा.

पण त्याच चौकोनात आणखी एक गोष्ट घडत होती. पलटणीच्या डॉक्टरांकडे थोडा रिकामा वेळ होता, नियमित पगार होता, बदलीच्या निमित्ताने देशभर प्रवास होता, नमुने टिकवायला दारू होती आणि समुद्रापार पाठवायला कंपनीची व्यवस्था होती. शरीर फाडून आत पाहण्याचे शिक्षणही होते. या साऱ्यांतून हिंदुस्थानचा प्राणिशास्त्रीय नकाशा तयार झाला.

इथून साठेक किलोमीटरवर जालन्याला अशीच छावणी होती. थॉमस कॅव्हरहिल जर्डन हा मद्रासच्या सेवेतला तरुण सहायक सर्जन १८३७ मध्ये दुसऱ्या घोडदळ पलटणीत रुजू झाला आणि पुढची सुमारे चार वर्षे दख्खनमध्ये, जालन्याला राहिला. त्या काळात, १८३९-४० मध्ये, त्याची दक्षिण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची यादी मद्रासच्या साहित्य-विज्ञान नियतकालिकात क्रमशः आली. जालन्याचे नाव त्या पानांत पुन्हा पुन्हा येते. आज ‘जर्डनचा धाविक’ म्हणून ओळखला जाणारा, १९८६ साली आंध्रात पुन्हा सापडलेला दुर्मिळ पक्षी याच माणसाच्या नावाचा. त्याने नंतर दक्षिणेतल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर आणि मद्रासच्या समुद्री माशांवरही लेख लिहिले. जर्डनची खासियत अशी, की तो जिवंत प्राण्याबद्दल लिहितो. पक्षी कुठे बसतो, काय खातो, कसा ओरडतो, लोक त्याला काय म्हणतात. बंदुकीने पाडलेल्या पक्ष्याच्या कातड्यावरून हे कळत नाही. त्यासाठी माळावर उभे राहावे लागते आणि माळावरच्या माणसाशी बोलावे लागते.

त्याच्या आधीची दोन नावे इथे घ्यायला हवीत. बंगालमधल्या फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टनने १८२२ साली गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर ग्रंथ छापला. रोहिता, कटला, मृगला ही आजही शास्त्रात रूढ असलेली नावे त्याचीच, आणि ती स्थानिक बोलीतून जशीच्या तशी उचललेली. गंगेच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यातला भेकमासाही त्याच्या ग्रंथात आहे; त्याला त्याने ‘बॅट्राकॉयडिस गँगेनी’ म्हटले. नावात गंगा ऐकू येते. पुढे तपासाअंती हा मासा लिनिअसचा घुरघुरणाराच ठरला आणि गँगेनी हे नाव मागे पडले, कारण नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते. हॅमिल्टनसाठी माशांची चित्रे भारतीय चित्रकारांनी काढली होती. १८१५ मध्ये तो मायदेशी परतताना गव्हर्नर जनरलने ती चित्रे कलकत्त्यातच ठेवून घेतली. सरकारी पगारात काढलेली चित्रे सरकारची! ग्रंथ छापला गेला तो त्यांतल्या बऱ्याच चित्रांशिवाय.

दुसरे नाव आपल्या अधिक जवळचे, कर्नल विल्यम हेन्री साईक्स. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. पिके, पाऊस, जमिनी, वतने यांच्या जोडीने त्याने प्राणीही नोंदले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८३० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केला. त्यातली नावे मराठी वाचकाने मोठ्याने वाचावीत. खुद्री, मुसुल्ला, कोलुस, नुक्ता, मुल्या, पोटैल, सीनघाला. ही लॅटिन नावे वाटत नाहीत, कारण ती लॅटिन नाहीतच. खडशी, मळ्या, शिंगाळा असे भीमा-मुळा-मुठेच्या काठावरचे भोई सांगत गेले आणि साईक्स रोमन लिपीत लिहीत गेला. महसीरची जी जात आज जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखली जाते, तिचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला आहे. टोकियोतला किंवा शिकागोतला संशोधक ते नाव उच्चारतो तेव्हा तो नकळत मराठी बोलत असतो.

साईक्सच्या यादीत भेकमासा नाही. दख्खनच्या पठारावर तो असायचे कारण नाही. पण त्याने घातलेला पायंडा भेकमाशाच्या वाट्याला आला असता, तर कोकणातल्या एखाद्या खाडीतला शब्द आज शास्त्राच्या पुस्तकात असता. तो आला नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या भेकमाशाच्या नावात आज दोन माणसे आहेत. जातीच्या नावात बोर्दोचा व्यापारी आणि प्रजातीच्या नावात ब्रूस कोलेट हा अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ. २००६ मध्ये डेव्हिड ग्रीनफिल्डने ही प्रजाती वेगळी काढून तिला कोलेटचे नाव दिले. घुरघुरणाऱ्या माशाची ‘ॲलनबॅट्राकस’ ही प्रजातीही त्यानेच १९९७ मध्ये केली, जेराल्ड ॲलन या दुसऱ्या मत्स्यशास्त्रज्ञाच्या नावाने. हे दोघेही या सन्मानाला पात्र आहेत, त्यांचे काम मोठे आहे. मुद्दा इतकाच, की नाव वाचले की कुणाला विचारून ते ठेवले हे कळते. खुद्री नदीकाठच्या माणसाला विचारून ठेवलेले नाव आहे. ड्युसुमिएरी जहाजाच्या मालकाला आठवून ठेवलेले.

*

या परंपरेचा कळस म्हणजे फ्रान्सिस डे. तोही मद्रासच्या सेवेतला लष्करी डॉक्टर. कोचीनला असताना त्याला माशांचा नाद लागला. १८६५ मध्ये त्याचा मलबारच्या माशांवरचा ग्रंथ आला आणि १८७५ ते १८७८ या काळात ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा महाग्रंथ खंडशः निघाला. भारतीय माशांवर काम करणारा प्रत्येकजण आजही त्याची पाने उलटतो. भेकमासे त्यात आहेत, काटेकोर मोजमापांसह.

डे हिंदुस्थान सरकारचा मत्स्य विभागाचा महानिरीक्षकही होता. १८७३ च्या त्याच्या अहवालात जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवलेल्या उत्तरांचे ढीग आहेत. कुठे कोणते मासे, कुठली जाळी, किती भोके, किती नाश. लहान पिल्ले ओरबाडणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध हवेत असे त्याचे मत होते. १८९७ च्या मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारण्याला बंदी केली. डेची काळजी खरी होती. पण त्या अहवालात कोळी-भोई हा माहिती देणारा कमी आणि आवर घालण्याजोगा जास्त झाला आहे, असे मला वाचताना जाणवते. साईक्सपासून डेपर्यंतच्या पन्नासेक वर्षांत प्रश्न विचारण्याची दिशाच पालटली.

हा काळ लक्षात घ्या. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसांच्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १८७१-७२ मध्ये हिंदुस्थानातली पहिली मोठी जनगणना झाली आणि जातींचे तक्ते छापले गेले. मासे मोजणारे आणि माणसे मोजणारे कारकून वेगळे होते, पण कागद एकाच कारखान्यातला होता. बाह्य रूपावरून, एका नजरेत, कायमचा कप्पा ठरवायची सवय त्या राज्याला लागलेली होती. माशाला त्या कप्प्याने काही इजा झाली नाही; माणसांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाली. आमच्या छावणीच्या जवळच नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. जन्मावरून ठरवलेला कप्पा मोडता येतो, हे सिद्ध करायला निघालेली ती वास्तू आहे. वर्गीकरणाचा इतिहास वाचताना मला तिची आठवण होते, ती उगाच नव्हे.

*

पुन्हा भेकमाशाकडे येऊ. विसाव्या शतकात त्याचा शेजार पुन्हा तपासला गेला. १९६६ मध्ये ग्रीनवुड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स या चौघांनी अस्थिमय माशांचे नवे वर्गीकरण मांडले. शीर्षकातच त्यांनी ते तात्पुरते असल्याचे म्हटले होते, हे मला फार आवडते. त्यात भेकमासे, गळवाले मासे आणि कॉड यांना एका मोठ्या गटात घातले गेले. म्हणजे कॉडच्या दारात मासा सोडणाऱ्या लिनिअसला दोनशे वर्षांनी पाठिंबा मिळाला आणि व्हालँसिएनलाही. पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून हेच शिकवले गेले. कवटीची हाडे, जबड्याचे स्नायू, परांची जागा हा त्याचा आधार होता.

मग जनुकांचा पुरावा आला. २००५ मध्ये मासाकी मिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १०२ मायटोकॉन्ड्रियल जनुकसंचांची तुलना करून भेकमाशांची जागा शोधली. निष्कर्ष असा निघाला, की भेकमासे ना कॉडचे, ना गळवाल्या माशांचे. काटेरी पर असलेल्या माशांचा जो अफाट समूह आहे, ज्यात बांगडा, सुरमई, पापलेट हे आपले नेहमीचे मासे येतात, त्या समूहातली ही एक फांदी आहे. नंतरच्या व्यापक अभ्यासांनी तिला त्या समूहाच्या बुंध्याजवळ जागा दिली. रुंद डोके, मोठे तोंड, मनगटी पर ही सारी साम्ये एकाच धंद्यातून आलेली होती. तळाशी दबा धरून बसायचे आणि समोरून येणारे एका झडपेत गिळायचे. एकच काम करणारी दोन परकी माणसे सारखी दिसू लागावीत, तसे हे. धंद्याच्या साम्याला आपण रक्ताचे नाते समजत आलो.

दरम्यान या बेढब माशाने इतर शास्त्रांची बरीच सेवा केली. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म केशिकागुच्छ असतात. अमेरिकी भेकमाशाच्या मूत्रपिंडात ते नाहीतच, तरी त्याला मूत्र होते. गाळणीशिवाय मूत्र बनते, तर नलिकांच्या भिंती स्वतः पदार्थ बाहेर टाकत असल्या पाहिजेत. मूत्रपिंडाच्या कार्याविषयीचा हा जुना वाद मिटवण्यात अशा माशांवरच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये हा मासा दोनदा अवकाशात गेला. त्याच्या कानातला तोल सांभाळणारा अवयव आपल्याशी मिळताजुळता असल्याने, गुरुत्व नसताना चेतातंतू कसे वागतात ते त्यावरून पाहायचे होते. त्यांतल्या दुसऱ्या मोहिमेत ७७ वर्षांचा जॉन ग्लेन त्याचा सहप्रवासी होता.

पण सगळ्यात मोठे गुपित त्याच्या आवाजात होते. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. घोळ माशाची हीच पिशवी आपल्या किनाऱ्यावर मोठ्या किमतीला विकली जाते. भेकमाशात या पिशवीच्या भिंतींना खास स्नायू चिकटलेले असतात. ते आकसले-सैलावले की पिशवी ढोलासारखी थरथरते. हे स्नायू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा आकुंचन पावू शकतात. पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात याहून वेगवान स्नायू क्वचितच सापडेल. आळशी, चिखलात पडून राहणारा म्हणून हिणवलेल्या माशाच्या पोटात हे यंत्र आहे.

विणीच्या हंगामात नर दगडाखाली किंवा शिंपल्यांच्या कपारीत घरटे करतो आणि गाऊन मादीला बोलावतो. मादी दगडाच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवून निघून जाते. नर राहतो. अंडी स्वच्छ ठेवणे, पाणी हलवत राहणे, भक्षक हाकलणे ही कामे तो कित्येक आठवडे करतो. पिल्ले बाहेर आली तरी काही काळ दगडालाच चिकटून असतात, तेव्हाही बाप तिथेच असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जातीत नरांचे दोन प्रकार आहेत. एक गाणारा आणि घर राखणारा, दुसरा लहान, मुका, दुसऱ्याच्या घरट्यात चोरपावलांनी शिरणारा. याच जातीच्या मादीचे कान विणीच्या हंगामात संप्रेरकांमुळे नराचा सूर ऐकायला जास्त सक्षम होतात. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावी होडीघरांत राहणाऱ्या लोकांची झोप रात्रभराच्या गुणगुणीने उडाली. गटाराच्या पंपांवर संशय गेला, लष्कराच्या गुप्त प्रयोगांवर गेला. अखेर ते प्रेमगीत याच माशाचे निघाले.

*

यातले काहीही बाटलीतल्या नमुन्यावरून कळले नसते. लिनिअसने १७५८ मध्ये नावातच आवाज लिहून ठेवला होता. तो आवाज नाव होऊन राहिला, प्रश्न व्हायला फार काळ गेला. दीड-दोनशे वर्षे युरोपातल्या संग्रहालयांत माशाची कवटी, काटे आणि पर मोजले गेले, कारण दारूत तेवढेच टिकते. घुरघुर दारूत टिकत नाही. ती ऐकू येत होती जाळे ओढणाऱ्याला, रोज, आणि त्याला कुणी विचारले नाही. हाडांवरून शेजार ठरवणाऱ्यांची चूक काळाची होती, साधनांची होती. न विचारण्याची चूक मात्र साधनांची नव्हती. साईक्सकडे जनुकांची यंत्रे नव्हती. त्याच्याकडे फक्त विचारायची सवय होती, आणि त्यामुळे खडशी आज जगाच्या शब्दकोशात आहे.

हे सगळे इतिहासाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. वर्गीकरण संपलेले नाही. २००८ मध्ये ग्रीनफिल्ड, विंटरबॉटम आणि कोलेट यांनी भेकमाशांच्या साऱ्या प्रजातींचा नव्याने आढावा घेऊन कुळाचे चार उपकुळांत भाग पाडले. आपला किनारा लांबलचक आहे, डहाणूपासून वेंगुर्ल्याच्या पलीकडेपर्यंत, आणि त्यावरच्या प्रत्येक खाडीची बोली थोडी निराळी आहे. कुठला मासा कुठल्या महिन्यात बोलतो, कुठला कुठल्या दगडाखाली अंडी राखतो, हे जाणणारी माणसे ट्रॉलरच्या काळात कमी होत चालली आहेत. ज्या माशाला भाव नाही त्याचे नाव सर्वांत आधी विसरले जाते. टाकाऊ मालाच्या ढिगात नावे नसतात, फक्त वजन असते.

विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांत आता जनुकांचा क्रम काढता येतो. पाण्याखालचा आवाज टिपणारी यंत्रेही आता आवाक्यात येत आहेत. त्यांच्या जोडीला एक वही लागेल, ज्यात माशाच्या लॅटिन नावाशेजारी गावाचे नाव, महिना आणि तिथला शब्द लिहिला जाईल, आणि सांगणाऱ्याची इच्छा असेल तर त्याचेही नाव. पुण्याजवळच्या नदीकाठी, कंपनी सरकारच्या नोकरीतल्या एका कर्नलला जे दोनशे वर्षांपूर्वी सुचले ते आपल्याला, आपल्याच भाषेत, न सुचायला काही कारण नाही. भेकमासा अजून बोलतो आहे. त्याचे मराठी नाव कुणाच्या तरी तोंडी अजून असेल, तोवर ते विचारून घ्यायला हवे.